पौषातलं पिल्लू

कुत्र्यांचा भाद्रपद सगळ्यांना माहीत असतो, त्यापुढचं पंचांग मात्र कुणी मांडत नाही. कुत्रीचे दिवस भरायला साधारण ६३ दिवस लागतात. भाद्रपदात जो गोंधळ झाला, त्याची पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात कुठल्या तरी कडब्याच्या गंजीआड नाहीतर मोडक्या ट्रॉलीखाली जन्मतात आणि पौषात दोन महिन्यांची होतात. प्रवरेकाठच्या कोल्हारला हे दिवस ऐन धामधुमीचे. कारखाने सुरू, तोड जोरात, नगर-मनमाड रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग, आणि त्यातच भगवतीदेवीची पौषातली यात्रा. याच दिवसांत वस्त्यावस्त्यांवर पिल्लांची वाटणी होते. "आमच्या कुत्रीनं सहा घातली, एखादं घेऊन जा, राखणीला होईल."

न्यायला आलेला माणूस दोन गोष्टी हमखास करतो. पिल्लू महिन्याचं असतानाच उचलतो, कारण 'बारकं असताना आणलं की लळा लागतो'. आणि शिकवायचं मात्र पुढे ढकलतो, कारण 'अजून लहान आहे, सहा महिन्यांचं झालं की बघू'. आणायची घाई आणि शिकवायचा आळस. खरं तर याच्या बरोबर उलट करायला हवं. पिल्लू आणावं दोन महिन्यांचं झाल्यावर, आणि शिकवायला बसावं आणलं त्याच दिवशी.

यामागचं कारण पिल्लाच्या वाढीत आहे. जन्मतः ते आंधळं आणि बहिरं असतं. १० ते १४ दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कान. तिथून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याला जे भेटेल ते पाहण्याची, हुंगण्याची उत्सुकता भीतीपेक्षा मोठी असते. या काळात माणूस, बैल, शेळी, मोटारसायकल, जे जे भेटेल त्याची 'हे आपल्यातलंच' अशी नोंद फुकटात होऊन जाते. पुढे तीच नोंद करून घ्यायची तर सातबाऱ्यावर वारस लावण्याइतके हेलपाटे पडतात. हळूहळू उत्सुकता ओसरते आणि अनोळखी दिसेल त्याची भीती वर येते. जंगलात राहणाऱ्या जनावराला ही भीती जगवते. आपल्या ओट्यावर राहणाऱ्या कुत्र्याला तीच जन्मभर पुरते.

हे पहिल्यांदा नीट तपासलं ते अमेरिकेत. मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या पाच जाती घेऊन वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. त्यांचा ग्रंथ १९६५ साली आला. त्याआधी १९६१ साली त्याच प्रयोगशाळेतला एक प्रयोग 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला होता. डॅनियल फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लं उंच कुंपणाच्या मोठ्या आवारात आईजवळ वाढवली. खाणं-पाणी कुंपणातूनच आत जाई, माणूस त्यांच्या नजरेस पडत नसे. मग काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात बाहेर काढून आठवडाभर माणसाच्या सहवासात ठेवलं. तिसऱ्या आठवड्यातली लगेच अंगाशी आली. वय वाढत गेलं तसा बिचकण्याचा काळ वाढत गेला. आणि जी चौदा आठवडे माणसाविना राहिली, ती रानटी जनावरासारखी वागली, दोरी लावून चालवणंही अवघड झालं. खाणं तेच, आई तीच, रक्त तेच. फरक पडला तो त्या थोड्याशा आठवड्यांत माणूस भेटला की नाही, एवढ्याचाच.

सहा महिने थांबणाऱ्याने काय घालवलं ते यावरून कळावं. त्याचं कुत्रं पाहुण्यावर भुंकतं, पोस्टमनवर भुंकतं, छत्रीवर भुंकतं, डोक्यावर पेंढी घेऊन आलेल्या घरच्याच बाईवर भुंकतं. मालकाला वाटतं राखण चांगली करतंय. ते घाबरून भुंकत असतं. आणि जे कुत्रं सगळ्यावरच भुंकतं त्याचा राखणीला उपयोग शून्य, कारण चौथ्या रात्रीपासून घरातलं कुणी उठून बघायलाच जात नाही. राखणीच्या कुत्र्याला आधी रोजचं काय, हे कळावं लागतं. तेव्हाच वेगळं काय ते ओळखून ते भुंकेल.

आता 'मग महिन्याचंच आणावं की' असं कुणी म्हणेल. नको. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लाची दुसरी शाळा चालू असते, आणि तिथले मास्तर म्हणजे त्याची आई आणि भावंडं. खेळता खेळता एकाने दुसऱ्याला जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून जातं. आई गुरगुरते. जबडा किती आवळायचा, याचा हिशोब पिल्लू इथे शिकतं. महिन्याचं उचललेलं पिल्लू हा धडा न घेताच येतं आणि मग घरातल्या पोरांच्या पोटऱ्यांवर तो गिरवत बसतं. कायद्यानेही हे धरलं आहे: कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले, त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. गावात पिल्लू विकत कोण घेतो म्हणा, पण निसर्गाचा नियम फुकटातल्या पिल्लालाही लागू आहेच. तेव्हा पिल्लू आईपाशी असताना रोज जाऊन त्याला हातात घ्यावं, पोरांना घेऊ द्यावं, आणि घरी आणावं आठ आठवड्यांनी.

घरी आल्यावर 'बस', 'हात दे' शिकवण्याची घाई करू नये. ते कधीही शिकवता येतं. महिना-दीड महिना हाताशी असतो तो ओळखी करून देण्यासाठी. आणि या बाबतीत कोल्हार-लोणीच्या माणसाला पुण्याच्या फ्लॅटवाल्यापेक्षा कमी कष्ट आहेत. गाय, शेळी, कोंबडी, बैल, ट्रॅक्टर, दुधाचे कॅन घेऊन जाणारी मोटारसायकल, घोंगडी पांघरलेला धनगर, फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, लहान मूल, काठी टेकत चालणारे आजोबा, सगळं दारातून जातं. फक्त ते जाताना पिल्लाच्या मनात चांगलं काहीतरी जुळून यायला हवं.

ट्रॅक्टरचंच घ्या. तोडीच्या दिवसांत डबल ट्रॉली भरून, टेपवर गाणी लावून ट्रॅक्टर येतो. पिल्लाला रस्त्याच्या कडेला नेऊन उभं केलं तर ते शेपूट पोटाखाली घालून पळेल, आणि पुढच्या वेळी लांबूनच पळेल. त्यापेक्षा ओट्यावर, रस्त्यापासून चांगलं लांब, मांडीवर घेऊन बसावं. ट्रॅक्टरचा आवाज कानावर आला की त्याचे कान उभे राहतात. त्याच क्षणी उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा तोंडापुढे. ट्रॅक्टर दिसतोय तोवर तुकडे चालू, ट्रॅक्टर गेला की तुकडे बंद. पिल्लू तुकडा घेत नसेल, डोळे विस्फारून अंग ताठ केलं असेल, जांभया देत असेल किंवा सारखं ओठ चाटत असेल, तर समजावं की आपण फार जवळ बसलोय; आणखी मागे जावं. चार-सहा दिवसांत गंमत दिसते. आवाज आला की पिल्लू रस्त्याकडे बघतं आणि लगेच मान वळवून तुमच्या हाताकडे बघतं. तिथून रोज थोडं पुढे सरकावं. आवाज झाला की खाणं येतं, एवढं त्याच्या मनात पक्कं बसतं. रशियाचे इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांच्या लाळेवरून हेच दाखवून दिलं होतं; त्यांना १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी, पण जगाच्या लक्षात राहिली ती त्यांची लाळ गाळणारी कुत्री.

यात्रेतले फटाके, ढोल-ताशे, लाउडस्पीकर यांचंही असंच. मात्र दोन महिन्यांचं पिल्लू काखोटीला मारून यात्रेच्या गर्दीत नेणं म्हणजे ओळख नव्हे, छळ आहे. घरात बसून लांबून येणारा आवाज त्याला पुरे.

इथे लसीचा पेच येतो, आणि तो खरा आहे. पार्वोचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत उतरतो आणि तिथे महिनोन् महिने तग धरतो. रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं, वस्तीवर हे कुणी पाहिलं नाही असं नाही. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनी. जंताचं औषध त्याआधीपासूनच. या सगळ्या लसी होईस्तोवर पिल्लू घरात कोंडून ठेवलं, तर पार्वोपासून वाचतं पण ओळखीचा काळ संपून जातो. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन पाहणाऱ्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ साली यावर स्पष्ट भूमिका घेतली: पहिली लस टोचून किमान आठवडा झाला आणि जंताचं औषध दिलं की सात-आठ आठवड्यांच्या पिल्लाला बाहेरच्या जगाची ओळख करून द्यायला सुरुवात करावी. आपल्याकडे यातून मधला मार्ग सोपा निघतो. पिल्लाला उचलून न्यावं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये, पाटीत, कडेवर. बाजार दाखवावा, पूल दाखवावा, पण बाजारतळावर, उकिरड्यापाशी, मोकाट कुत्री बसतात तिथे खाली सोडू नये. घराच्या अंगणात आणि लस झालेल्या शेजारच्या कुत्र्याबरोबर खुशाल खेळू द्यावं. गुरांच्या दवाखान्यातही एकदा नुसतंच नेऊन आणावं, सुई न टोचता. मोठेपणी चार माणसांनी दाबून धरायची पाळी येत नाही.

घरात रोज एक मिनिट आणखी एक काम करायचं. पिल्लाचे कान उलटून बघायचे, ओठ वर करून दात बघायचे, पंजे हातात घ्यायचे, बोटांच्या बेचक्यात बोट घालायचं, आणि प्रत्येक वेळी तुकडा द्यायचा. पुढे गोचीड काढताना, पायात बाभळीचा काटा मोडल्यावर याचं मोल कळतं.

आता धडे. पहिला धडा नावाचा. नाव दोन अक्षरी असलं की बरं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकच घ्यावं. बाप 'शेरू', पोरगं 'टायगर' आणि आजी 'मेल्या' म्हणत असली तर पिल्लाने कुणाचं ऐकायचं? नाव घेतलं, पिल्लाने तुमच्याकडे बघितलं, की दोन सेकंदांच्या आत तुकडा. दोन सेकंद हे महत्त्वाचं. खिशात हात घालून, पिशवी सोडून, पाच-सहा सेकंदांनी दिलेला तुकडा त्या बघण्याचा राहत नाही. तेवढ्यात पिल्लाने दुसरं काहीतरी केलेलं असतं आणि त्याच्या हिशोबी बक्षीस त्याचं.

दुसरा धडा 'ये'. माझ्या मते सगळ्या शिकवणीत हा एक धडा पक्का झाला तरी कुत्रं पाळल्याचं सार्थक आहे, कारण नगर-मनमाडसारखा रस्ता शेजारी असताना कुत्र्याचा जीव याच एका शब्दावर अवलंबून असतो. सुरुवात घरात, चार पावलांवरून. खाली बसावं, आनंदी आवाजात 'ये' म्हणावं, आलं की तुकडा आणि गळ्याच्या पट्ट्याला हात. पट्ट्याला हात लावायचाच, नाहीतर पुढे ते तुकडा घेऊन हातभर लांब पळणारं कुत्रं होतं. मग अंगणात, मग लांब दोरी लावून शेतात. दोन पथ्यं कडक पाळावीत. 'ये' म्हणून बोलावून कधीही रागवू नये. चप्पल फाडली असेल तर आपण उठून तिथे जावं. आणि येणार नाही अशी खात्री असेल तेव्हा 'ये' म्हणूच नये. समोर कुत्र्यांची झुंज लागलीय आणि आपण बांधावरून दहा वेळा 'ये ये ये' ओरडतोय, तर पिल्लू त्यातून एवढंच शिकतं की 'ये' ही नुसती माणसाची ओरड आहे.

भाषा कोणतीही चालते. आपल्याकडे अल्सेशियन आणला की माणसं त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागतात आणि गावठीच्या वाट्याला फक्त 'हाड' येतं. 'बस', 'थांब', 'सोड', 'ये' यांत काही कमी नाही. गावठी पिल्लू शिकण्यात मागे असतं हाही गैरसमजच. कारवानी, म्हणजे मुधोळची जात, लांबच्या हालचालीमागे धावण्यासाठी वाढवलेली; तिला हाकेवर फिरवायला जास्त वेळ लागतो. लॅब्राडोर खाण्यासाठी काहीही करतो. गावठी दोन्हींच्या मधलं, आणि आपल्या उन्हापावसाला सरावलेलं.

शिकवणीची वेळ दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, भूक लागलेली असताना. बक्षिसाला बाजारचं काही लागत नाही. बाजरीच्या भाकरीचे तुकडे, उकडलेलं अंडं, कलेजी, नुसते भाजलेले शेंगदाणे. कांदा-लसूण घातलेली भाजी मात्र नको. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं आणि मनुकाही नकोत, मूत्रपिंड जाऊ शकतं. कांद्या-द्राक्षांच्या जिल्ह्यात हे सांगून ठेवलेलं बरं.

शी-शूचं वळण लावणं हा शिक्षेचा विषय नाही, घड्याळाचा आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांवर धरवत नाही. झोपून उठलं, खाऊन झालं, खेळ संपला की उचलून ठरलेल्या जागी न्यावं, तिथे केलं की तिथल्या तिथे शाबासकी. घरात केलंच तर पुसून टाकावं. नाक घासणं, रट्टा देणं याने ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, पलंगाखाली जाऊन करायचं. आणि दात. चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडून सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर ते चावणारच. हात चावला की खेळ बंद करून उठून जावं, आणि चावायला जुनं दोरखंड द्यावं. आपल्या हाताशी झटापट लावून 'बघा कसं चावतंय' म्हणून हसणारे मामा-काका घरोघरी असतात, त्यांना आधी शिकवावं लागतं.

चावण्यावरून एक गंभीर गोष्ट, जी शिकवणीपेक्षा मोठी आहे. 'पिल्लूच आहे, दात लागला तर काय होतंय' हे वाक्य जीवघेणं आहे. पिल्लांनाही रेबीज होतो. लस न झालेल्या, कुठून आलं ते नीट माहीत नसलेल्या पिल्लाचा दात लागून रक्त आलं, किंवा नुसतं खरचटलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती जुनी लस भारतात २००४ नंतर बंदच झाली. आता सुई दंडात, आणि मोजक्याच वेळा. हळद-चुना, मिरची, अंगारा यांतलं काही जखमेवर लावू नये. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही.

'राखणीचं कुत्रं तिखट हवं' म्हणून जे केलं जातं त्याबद्दल थोडं रोखठोक बोलायला हवं. मिरची-भाकरी खाऊ घालणं, दिवसा अंधाऱ्या खोलीत कोंडणं, पोरांनी 'छू' करून शेळ्यांवर, भिकाऱ्यावर, दुसऱ्या कुत्र्यावर सोडणं. मिरचीने पोट बिघडतं, स्वभाव नव्हे. अंधाराने भित्रेपणा येतो. 'छू'ने मात्र खरंच शिकवण होते, आणि शिकलेलं कुत्रं पुढे शेजाऱ्याच्या नातवावर धावतं तेव्हा तेच मालक म्हणतात, 'अचानक काय झालं कळेना.' वीसनखी कुत्रं शूर असतं ही समजूतही अशीच. बहुतेक कुत्र्यांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी १८ नखं असतात. काहींना मागच्या पायांच्या आतल्या बाजूला एकेक जादा नख येतं आणि वीस भरतात. हे रक्तातून येतं, आणि त्याचा शौर्याशी काही संबंध नाही. पिल्लू निवडताना नखं मोजण्यापेक्षा ते आपल्याकडे येतं की कोपऱ्यात दबून बसतं, हे बघावं.

मारून शिकवणाऱ्यांची एक बाजू असते: 'आमचं कुत्रं बघा, डोळ्याच्या धाकात आहे.' धाकात असतं हे खरं. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या शिकवणी वर्गांतली ९२ पाळीव कुत्री तपासली. धाक, ओरडा, गळ्याला हिसका या मार्गाने शिकणाऱ्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर लाळेतलं ताणाचं संप्रेरकही वाढलेलं आढळलं. धाकातलं कुत्रं धाक देणारा असेपर्यंत ऐकतं. तो कारखान्यावर रात्रपाळीला गेला की घरातल्या बाई-माणसाला ते जुमानत नाही.

साखळीचंही तसंच. वस्तीवर काही वेळ कुत्रं बांधावं लागतं, नाही असं नाही. पण चौथ्या महिन्यात गळ्यात साखळी पडते ती कायमचीच, असं असेल तर शिकवणीचा प्रश्नच संपला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास बंदी घालणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं आणि बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं, हे दोन्ही गुन्हे म्हणून नोंदवलेले आहेत. फार थोड्यांना हे माहीत असतं.

पोलिसांची कुत्री तर वर्षाची झाल्यावर कामाला लागतात, मग आपण लवकर का, असं कुणी विचारतं. मुंबई पोलिसांचा 'झंजीर' आठवत असेल. पुण्याच्या केंद्रात शिकलेला हा लॅब्राडोर १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात तीन हजार किलोंहून जास्त आरडीएक्स हुडकून काढणारा म्हणून गाजला आणि २००० साली वारला. वर्षाची होता होता त्याच्यासारखी कुत्री जे करतात ते नोकरीचं काम असतं, वास हुडकण्याचं कसब असतं. गर्दीत न बिचकणं, गुळगुळीत फरशीवर चालणं, अनोळखी हाताला न घाबरणं हे त्याआधीच अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

राहता राहिला बिबट्या, आणि आपल्या भागात तोच खरा विषय. १९२६ साली भंडारदरा धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे आले, मग ऊस आला, कारखाने आले, आणि उसाच्या दाट आडोशाला बिबटे राहू लागले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांचं खाणं तपासलं. २०१४ साली ते प्रसिद्ध झालं. बिबट्याच्या आहारात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा फक्त ११ टक्के, आणि शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या कितीतरी पट आहेत. असं का? शेळ्या रात्री गोठ्यात, कुडाच्या आत असतात. कुत्रं बाहेर मोकळं, किंवा त्याहून वाईट, दारात साखळीला बांधलेलं. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घातला तर थोडा आधार मिळतो, पण दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला त्याचा काही उपयोग नाही.

त्यामुळे आपल्याकडे पिल्लाच्या शिकवणीत एक धडा जास्तीचा लागतो: दिवस मावळला की आत यायचं आणि आतच झोपायचं. तो शिकवायला सोपा आहे. रात्रीचं खाणं रोज ठरल्या वेळी घरात किंवा पक्क्या, दार लागणाऱ्या गोठ्यातच द्यावं, 'ये' म्हणून बोलवावं, आणि आल्यावर दार लावून घ्यावं. पहिल्या काही रात्री ते रडेल. भावंडांच्या उबेतून आलेलं असतं. त्याची टोपली माणसाच्या अंथरुणाशेजारी ठेवली की तिसऱ्या-चौथ्या रात्री शांत होतं. आतून भुंकलेलंही घरातल्यांना ऐकू येतं आणि राखण तेवढीच होते. तोड आपल्या शिवारात आली की उसातले बिबटे हलतात, त्या दिवसांत तर पिल्लाला पहाटेही एकटं बाहेर सोडू नये.

ज्यांचं कुत्रं आत्ताच सहा महिन्यांचं, वर्षाचं झालंय आणि काहीच शिकवलेलं नाही, त्यांनी हात टेकायचं कारण नाही. नावावर बघणं, 'ये', 'बस' हे कोणत्याही वयात येतं, रीत तीच. भीती घालवायला मात्र आठवड्यांऐवजी महिने लागतात आणि थोडीफार उरतेच. अनोळखी माणसावर धावून जाणाऱ्या कुत्र्याला बाहेर नेताना मुसकं घालायची लाज वाटू देऊ नये. बैलाला आपण पिकात मुसकं घालतोच की.

आणि या पौषात पिल्लू आणणार असाल तर आणण्याआधी घरात बसून दोन गोष्टी ठरवा. रात्री ते कुठे झोपणार, आणि पहिला दीड महिना त्याच्यासाठी रोज अर्धा तास कोण काढणार. दोन्हींची उत्तरं नसतील तर पिल्लू अजून त्याच्या आईपाशीच राहू द्या.